हृदयोपचाराची साधने आणि जुना हैदराबाद मुलूख : बीदरच्या दारुश्शिफापासून कलबुर्गीच्या कॅथलॅबपर्यंत

प्रस्तावना

बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (कारकीर्द १४३६ ते १४५८) याने आपल्या राजधानीत, म्हणजे बीदर शहरात, एक दारुश्शिफा बांधला. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फरिश्ता या इतिहासकाराने त्याची नोंद घेतली आहे. रुग्णांच्या औषधांचा आणि जेवणाचा खर्च भागावा म्हणून सुलतानाने काही गावांचा महसूल या रुग्णालयाला लावून दिला होता आणि उपचारासाठी मुसलमान हकीम व हिंदू वैद्य दोघांचीही नेमणूक केली होती. दख्खनच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही नोंद बहुधा सुलतानाच्या दानशूरपणाचा दाखला म्हणून येते. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. उपचार करणारा माणूस आणि उपचाराचा खर्च या दोहोंची व्यवस्था एकाच वेळी करावी लागते, ही जाणीव त्या नोंदीत स्पष्ट दिसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या उपचारांसाठी निर्माण झालेल्या साधनांचा इतिहास हा आहे. हा इतिहास सामान्यतः संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. अमक्याने झडप शोधली, तमक्याने स्टेंट शोधला, एवढ्यावर तो संपतो. बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतून पाहिले असता मात्र तो वेगळा दिसतो. साधनाचा शोध तीन कसोट्यांवर पुरा होतो. पहिली, त्याचा पदार्थ शरीरात टिकला पाहिजे. दुसरी, त्याची परीक्षा प्रामाणिक झाली पाहिजे. तिसरी, ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते परवडणाऱ्या खर्चात पोचले पाहिजे. यांपैकी एक जरी कसोटी चुकली तरी शोध अर्धवटच राहतो, असे या लेखात मांडावयाचे आहे.

आपल्या भागाची एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. त्यात बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर भालकी, औराद, बसवकल्याण हा मराठी बोलीचा पट्टा म्हैसूर राज्यात आला. राज्याची रेघ बदलली, पण दुखणेकऱ्याची वाट बदलली नाही. बीदरहून सुमारे १४० किलोमीटरवरील हैदराबाद आणि कलबुर्गीहून सुमारे ११० किलोमीटरवरील सोलापूर या वाटा आजही रुळलेल्या आहेत. म्हणून या विषयाचा धागा हैदराबादपासून पकडणे सोयीचे आहे.

पूर्वपीठिका : ज्ञान होते, साधन नव्हते

बीदरच्या दारुश्शिफाच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, १२४२ साली, इब्न अन्‌नफीस यांनी इब्न सीना यांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून थेट डाव्या कप्प्यात जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून जाते, असे त्यांनी त्यात मांडले होते. दमास्कसच्या भागात जन्मलेला हा हकीम कैरोत रुग्णसेवा करीत असे. या भाष्याकडे आधुनिक जगाचे लक्ष १९२४ मध्ये गेले. मुहियुद्दीन तातावी या इजिप्शियन विद्यार्थ्याने जर्मनीत वैद्यकीय प्रबंध लिहिताना बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित अभ्यासले आणि ही गोष्ट पुढे आणली.

हा दाखला अभिमानासाठी अनेकदा दिला जातो आणि तो योग्यही आहे. पण रक्ताचा मार्ग ठाऊक असणे आणि तो बंद झाल्यास उघडता येणे यांत सातशे वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात धातुशास्त्र, भूलशास्त्र, क्ष-किरण आणि रक्त गोठू न देण्याची औषधे यावी लागली. यांपैकी भूलशास्त्राच्या एका वादाचा निवाडा करण्याचा प्रयत्न जुन्या हैदराबाद राज्यात झाला.

हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि आरंभी तेथील शिक्षण उर्दूतून दिले जाई. १८८५ मध्ये एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि या शाळेचे प्रमुख झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देताना काही रुग्ण अचानक दगावत. ते श्वास थांबल्याने मरतात की हृदय थांबल्याने, हा त्या काळचा मोठा वाद होता. लॉरी यांचे शिक्षण एडिंबरोचे होते. श्वासावर नजर ठेवली म्हणजे पुरे, नाडी पाहण्याची गरज नाही, असे ते मानीत. लंडनकडील डॉक्टरांचा कल नाडीकडे लक्ष देण्याचा होता.

१८८८ मध्ये निजाम सरकारने यासाठी पहिले कमिशन नेमले. प्राण्यांवरील प्रयोगांवरून त्याने लॉरी यांचा पक्ष उचलून धरला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने हा निष्कर्ष मानला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचविले. त्याप्रमाणे १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे लंडनचे नामवंत डॉक्टर हैदराबादला आले आणि दुसरे कमिशन बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. रक्तवाहिनीला नळी जोडून रक्ताचा दाब फिरत्या कागदावर रेघेच्या रूपाने उमटविणारे यंत्र त्यात वापरले गेले. रुपाबाई फरदूनजी याच शाळेत शिकल्या आणि भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते.

दुसऱ्या कमिशननेही तोच निर्णय दिला की, आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. वाद मिटला असे अनेकांना वाटले. परंतु हा निर्णय पुढे टिकला नाही. १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या कप्प्यांची लय एकाएकी बिघडून ते नुसते थरथरू लागतात आणि प्राणी मरतो. हैदराबादच्या प्रयोगांत भर होता जास्त मात्रा देऊन मारण्यावर. हलक्या भुलेत होणारा आकस्मिक मृत्यू त्या मांडणीत पकडला जाणे कठीण होते.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहिले पाहिजे. एका संस्थानिकाने वैद्यकातील प्रश्नासाठी पैसा, जागा आणि यंत्रे दिली व विरोधी मताच्या तज्ज्ञाला समक्ष बोलावले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पण प्रयोगांची संख्या मोठी असली म्हणून परीक्षा खरी होत नाही, हेही येथेच दिसले. उत्तर आधी ठरवून प्रश्न मांडला की यंत्रही तेच उत्तर देते. हृदयोपचाराचे साधन बनविणाऱ्याला हा धडा पुन्हापुन्हा शिकावा लागला आहे.

हृदयाची झडप : चार नमुन्यांची कथा

आपल्याकडे हृदयाची झडप खराब होण्याचे मोठे कारण संधिवाताचा ताप हे राहिले आहे. लहानपणी घशाला होणाऱ्या जंतुसंसर्गावर वेळीच उपचार झाला नाही तर काही मुलांना हा ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे झडपा आकसतात किंवा गळू लागतात. दाट वस्ती, लहान घरे आणि दवाखान्यापासूनचे अंतर यांच्याशी या आजाराचा निकट संबंध आहे. श्रीमंत देशांतून तो जवळपास हटला. आपल्याकडे मात्र तरुण मजूर आणि बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रिया त्याला बळी पडत राहिल्या.

कृत्रिम झडप अमेरिकेत १९५०च्या दशकात आणि १९६० मध्ये स्टार-एडवर्ड्‌स झडपेच्या रूपाने प्रत्यक्षात आली. ती आयात करणे सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन (१९३४ ते २०२४) यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशी झडपेचे काम हाती घेतले. ते स्वतः हृदयशल्यविशारद होते. अमेरिकेत कृत्रिम झडपेचे आद्य प्रवर्तक चार्ल्स हफनागल यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या सॅटेलमंड राजवाड्यात थाटला गेला. जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते तेथे डॉक्टरांच्या बरोबरीने काम करू लागले.

झडपेची रचना ऐकण्यास सोपी आहे. धातूच्या कड्यात एक चकती तिरकी बसविलेली असते. हृदय आकुंचन पावले की ती कलते व रक्त पुढे जाते, आणि दाब उलटला की ती मिटते. हृदयाचे वर्षाला सुमारे चार कोटी ठोके धरले तर या चकतीला दहा वर्षांत चाळीस कोटी वेळा उघडझाप करावी लागते. प्रत्येक वेळी ती कड्याला घासते. धातू झिजला, चकती तुटली किंवा तिच्यावर रक्त गोठले, तरी रुग्णाच्या जिवावर बेतते.

त्रिवेंद्रमच्या पथकाचे पहिले तीन नमुने अपयशी ठरले. एका नमुन्यात अत्यंत कठीण अशी नीलम स्फटिकाची चकती घेतली होती, पण कठीणपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे हे ती फुटल्यावर कळले. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे कडे, दाट जातीच्या पॉलिएथिलीनची चकती आणि टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरच्या कापडाची किनार अशी रचना केली. तुलनेने मऊ चकतीने प्रश्न सोडविला. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून आणि मेंढ्यांच्या हृदयात बसवून ती तपासण्यात आली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसविली गेली. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन सुरू केले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत.

तीन नमुने टाकून देण्याचे मोल कळण्यासाठी याच काळातील एक विदेशी उदाहरण पाहावे. ब्योर्क-शायली या प्रसिद्ध झडपेचा सुधारित प्रकार १९७९ पासून बाजारात होता. त्याच्या जोडकामात दोष होता. काही रुग्णांच्या शरीरात चकती धरून ठेवणारी तार तुटली. १९८६ मध्ये ती मागे घेण्यात आली, तोपर्यंत जगभरात सुमारे ८६ हजार झडपा बसल्या होत्या. जे अपयश त्रिवेंद्रमच्या प्रयोगशाळेत आले, तेच येथे रुग्णांच्या छातीत आले. प्रयोगशाळेतले अपयश हा संशोधनाचा कमीपणा नसून रुग्णाचे संरक्षण आहे, एवढे यावरून समजावे.

तरीही झडप बसली म्हणजे काम संपले असे नाही. धातूच्या झडपेच्या रुग्णाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि तिची मात्रा बरोबर आहे का हे ठराविक मुदतीने रक्त तपासून पाहावे लागते. मात्रा कमी पडली तर झडपेवर गाठ बसते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. औराद किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या शेतमजुराला या तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोडावे लागत असेल, तर त्या झडपेचे आयुष्य प्रयोगशाळेत मोजल्याइतके राहत नाही.

स्टेंट : बंद वाटेतील आधार

रक्तवाहिन्यांच्या उपचाराला नवी दिशा दिली ती आंद्रेआस ग्रुंट्‌झिग यांनी. त्यांनी स्वतःच्या घरातील स्वयंपाकाच्या ओट्यावर फुग्याच्या नळ्या बनवून पाहिल्या. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे त्यांनी जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयाची आकसलेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली. पण फुगा काढल्यावर कित्येकांची वाहिनी पुन्हा मिटे. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी वाहिनीत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास सुरुवात केली.

येथे पदार्थाचा प्रश्न पुन्हा येतो, आणि बीदरच्या वाचकाला तो समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बिदरी कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततो, त्यात चांदीची तार बसवितो आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या द्रावणात ते घालतो. मिश्रधातू काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. एकाच द्रावणात दोन धातू वेगळे वागतात, या ज्ञानावर ती सारी कला उभी आहे. माणसाचे रक्त हेही एक क्षारयुक्त द्रावणच आहे. फरक इतकाच की कारागिराला धातूचा रंग बदललेला हवा असतो, तर स्टेंट बनविणाऱ्याला धातूत काहीही बदल नको असतो. सुरुवातीचे स्टेंट ज्या गंजरोधक पोलादाचे होते त्यात क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि आतील धातूचे रक्तापासून रक्षण करतो.

भारतात असे स्टेंट परदेशातून येत आणि महाग पडत. १९९०च्या दशकात हैदराबादेत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू आणि क्षेपणास्त्र शास्त्रज्ञ डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी एकत्र येऊन कमी किमतीचा देशी स्टेंट तयार केला. तो कलाम-राजू स्टेंट म्हणून ओळखला जातो. कलाम १९८२ मध्ये हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले होते. क्षेपणास्त्रांसाठी धातू आणि हलके पदार्थ यांवर झालेले काम रुग्णालयाच्या उपयोगी पडावे, असा त्यांचा आग्रह होता. १९९३ मध्ये याच हेतूने सोसायटी फॉर बायोमेडिकल टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली. निजाम्स इन्स्टिट्यूटमधील अपंग मुलांचे जड कॅलिपर पाहून त्यांनी क्षेपणास्त्राच्या हलक्या पदार्थापासून काही पटींनी हलके कॅलिपर बनवून घेतले, ही हकिकत ते आपल्या भाषणांत सांगत.

कलाम-राजू स्टेंटचे ऐतिहासिक महत्त्व नेमके ठरविले पाहिजे. २००३ नंतर औषधाचा लेप दिलेले स्टेंट जगभर रूढ झाले आणि साध्या पोलादी स्टेंटचा काळ मागे पडला. तेव्हा त्या विशिष्ट स्टेंटने बाजार जिंकला असे म्हणता येणार नाही. त्याने दाखविले ते इतकेच की, ही वस्तू येथे बनू शकते आणि तिची किंमत ही निसर्गाने ठरविलेली गोष्ट नाही. पुढे सुरत आणि वापी येथील भारतीय कंपन्या औषधलेपित स्टेंट बनवू लागल्या आणि निर्यातही करू लागल्या.

किंमत आणि पोच

तरीही वस्तू देशात बनली म्हणजे ती आपोआप स्वस्त होते असे नाही, हा पुढचा अनुभव. २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत झाला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्यावर कमाल किंमत लावली. साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये अशी ती होती. त्याआधी औषधलेपित स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. कारखाना आणि रुग्ण यांच्यामधील साखळीत किती पैसा मुरत होता, हे या आकड्यांवरून दिसते.

पोचीचा प्रश्न किमतीपेक्षाही अवघड आहे. या बाबतीत आपल्या भागाकडे एक मौल्यवान पुरावा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली. तिची सुरुवात फेब्रुवारी २०१० मध्ये गुलबर्गा विभागातून झाली. हृदय, कर्करोग यांसारख्या मोठ्या उपचारांचा रुग्णालयातील खर्च ती उचलत असे. उत्तर कर्नाटकात योजना लागू होती आणि दक्षिणेकडे ती अजून पोचली नव्हती. त्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांची तुलना संशोधकांनी केली आणि ती २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. योजनेत येणाऱ्या आजारांमुळे गरीब कुटुंबांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजना असलेल्या खेड्यांत ०.३२ टक्के, तर नसलेल्या खेड्यांत ०.९० टक्के आढळले. म्हणजे ते ६४ टक्क्यांनी कमी होते.

या आकड्यांचा अर्थ शांतपणे लक्षात घ्यावा. रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसे सारखीच होती, झडपा व स्टेंट तेच होते आणि ते बसविणारे डॉक्टरही देशात होतेच. फरक होता तो खर्च कोण देतो याचा. एका बाजूला साधन अस्तित्वात होते, दुसऱ्या बाजूला ते असूनही नव्हते.

त्यानंतर काही पावले पडली आहेत. २०२३ मध्ये कर्नाटकात डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजना सुरू झाली. तालुका रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून तो मोठ्या केंद्राकडे पाठविणे आणि गाठ विरघळविणारे इंजेक्शन तेथेच मोफत देणे अशी तिची पद्धत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गी येथे जयदेव हृदयरोग संस्थेच्या ३७१ खाटांच्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. ज्या जिल्ह्यातून रुग्णाला सोलापूर, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागे, तेथे आता कॅथलॅब आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटांचा हिशेब असतो, हे लक्षात घेता हा बदल मोठा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. हैदराबादच्या क्लोरोफॉर्म कमिशनकडे पैसा, यंत्र आणि हेतू होता, परंतु परीक्षेची मांडणी चुकल्याने निष्कर्ष टिकला नाही. चित्रा झडपेने पदार्थ व परीक्षा या दोन्ही कसोट्या पार केल्या, कारण तिच्या निर्मात्यांनी आपले तीन नमुने बाद ठरविण्याचे धैर्य दाखविले. कलाम-राजू स्टेंटने किमतीचा प्रश्न ऐरणीवर आणला, पण तो सुटण्यास कायद्याची मदत घ्यावी लागली. आणि आरोग्यश्री योजनेने सिद्ध केले की शेवटचा टप्पा पुरा झाल्याशिवाय आधीच्या साऱ्या श्रमांचे फळ रुग्णाला मिळत नाही.

या दृष्टीने सीमाभागातील महाविद्यालयांना एक काम करण्यासारखे आहे. झडप बसविलेले किती रुग्ण आपल्या तालुक्यांत आहेत, त्यांना रक्ततपासणीसाठी किती दूर जावे लागते, गोळ्या मध्येच का सुटतात, याची पाहणी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय करता येते. त्यासाठी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू समजणारे विद्यार्थी लागतात, आणि ते आपल्याकडे आहेत. अशी पाहणी हाही साधनाच्या संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

अलाउद्दीन अहमदशहाने हकीम आणि वैद्य नेमले, पण त्याबरोबर गावांचा महसूलही लावून दिला. पावणेसहाशे वर्षांनंतर साधने पार बदलली आहेत. खर्चाची तरतूद केल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, ही गोष्ट मात्र बदललेली नाही.